डिशवॉशरचं रबर बदललं, म्हणजे दोनदा बदललं

रात्री दोन वाजता सासूबाईंनी मला हलवून उठवलं. "अगं, तुमचं ते भांड्यांचं मशीन घुरघुरतंय, मी बटण दाबून पाह्यलं पण थांबतच नाही." अर्धवट झोपेत ओट्याजवळ गेले तर खरंच की, वरचे दिवे विझलेले पण आतून एकसारखी घुर्रर्र चालू. दार उघडलं. एरवी दार उघडलं की मशीन लगेच गप्प बसतं, पण हे दार उघडं असूनही चालूच, आणि आत बघावं तर टब कोरडा, भांडी पण जवळजवळ कोरडी. शेवटी शेजारच्या कपाटात हात घालून प्लग काढला तेव्हा कुठे शांतता झाली. मग काय झोप येणार, मोबाईलवर मॅन्युअल काढून बसले.

मशीनच्या स्क्रीनवर जो बिघाडाचा कोड आला होता त्याचा अर्थ मॅन्युअलमधे एका ओळीत दिला होता, मशीनच्या तळात पाणी आहे, नळ बंद करा आणि सर्व्हिसला फोन करा. बास, एवढंच. पाणी तळात का आलं, कुठून आलं, काही नाही.

नवऱ्याचं म्हणणं, मेकॅनिक बोलाव आणि मोकळी हो. बोलावला. त्याने दार उघडलं, खालची जाळी काढून बघितली, प्लग लावला, घुर्रर्र ऐकलं आणि दोन मिनिटांत निकाल दिला की ड्रेन पंप गेलाय, नवा टाकावा लागेल. मी म्हटलं अहो पंप गेला असता तर आवाज कशाचा येतोय, आणि टबातलं पाणी कोणी काढलं? त्यावर तो म्हणाला मॅडम आवाज येतो म्हणजेच गेलाय. आता याच्यावर काय बोलणार. विचार करून कळवते म्हटलं आणि त्याला वाटेला लावलं. नवरा दिवसभर माझ्याकडे "आता तू करणारेस का?" अशा नजरेने बघत होता आणि खरं सांगायचं तर त्या नजरेमुळेच मी ते करायला घेतलं.

आधी ही घुरघुर काय भानगड आहे ते समजून घेतलं, कारण ते कळलं नसतं तर मी पण पंपच बदलत बसले असते. डिशवॉशरच्या टबाखाली एक उथळ ट्रे असतो. पंप, पाइप, तारा सगळं त्या टबाच्या आणि ट्रेच्या मधल्या जागेत. ट्रेमधे थर्माकोलची एक चकती असते आणि तिच्या डोक्यावर एक छोटा स्विच. कुठूनही पाणी गळून ट्रेमधे साठलं की चकती तरंगते, स्विच दाबला जातो, आणि मशीनला कळतं की आपण गळतोय. मग ते नवीन पाणी घेणं बंद करतं आणि ड्रेन पंप चालू करून ठेवतं, म्हणजे निदान टबातलं उरलेलं तरी बाहेर जावं आणि तुमचं घर भिजू नये. डोकं चांगलं लावलंय, फक्त गंमत अशी की पंप उपसतो टबातलं आणि पाणी असतं ट्रेमधलं, त्यामुळे चकती काही खाली बसत नाही आणि पंप काही थांबत नाही. म्हणजे तो बिचारा रात्रभर कोरडी विहीर उपसत होता. पंपाचा यात काडीचा दोष नव्हता, उलट घरात तोच एकटा कामाला लागलेला.

नेटवर सगळे सांगतात मशीन पुढे ४५ अंशात कलवा, पाणी बाहेर येईल. सुटं मशीन असेल तर ठीक आहे, आमचं ओट्याखाली बसवलेलं, वरून स्क्रूने पकडलेलं, कलवणार कुठे. मग जमिनीलगतची लाकडी पट्टी काढली, तिच्यामागे पत्र्याची एक पट्टी होती तिचे दोन स्क्रू काढले, आणि पोटावर आडवं पडून टॉर्च मारला तर ट्रेमधे पाणी चमकत होतं. स्पंजचा तुकडा कापून आत सारायचा, भिजला की बाहेर काढून पिळायचा. कोपऱ्यातलं पाणी औषधाच्या मोठ्या सिरिंजने ओढलं. एकूण दीडेक लिटर निघालं असेल. एक सांगते, हातमोजे घाला. आतल्या पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात, मला ते मनगटावर एक लांब ओरखडा उठल्यावर कळलं. आणि हे सगळं प्लग काढून आणि नळ बंद करून, हे वेगळं सांगायला नको पण सांगते.

रात्रभर तशीच उघडी ठेवली जागा, सकाळी प्लग लावला, मशीन एकदम शहाण्यासारखं चालू झालं. चार दिवस छान. मी घरात जरा मिरवून पण घेतलं. पाचव्या दिवशी परत घुर्रर्र.

म्हणजे पाणी काढणं हा इलाज नव्हताच, ते फक्त मुदत वाढवून घेणं होतं. थोडं थोडं पाणी दर वेळी गळतंय, ट्रेमधे साठतंय आणि पातळी चकतीपर्यंत पोचली की मशीन बोंब मारतंय. दीड लिटर साठायला चार-पाच दिवस लागत असतील तर एका धुण्यात जेमतेम वाटीदोनवाटी पाणी. एवढ्याशा पाण्याचा माग काढायचा कसा? पाणी येऊ शकेल अशा जागा भरपूर असतात, नळाकडून येणारी नळी, पंप जिथे टबाला जोडलेला असतो तिथलं रबर, हीटरचा जोड, दार. फेस जास्त झाला तरी पाणी बाहेर येतं, म्हणजे कोणी चुकून हाताने भांडी घासायचा साबण मशीनमधे टाकला तर. मी घरातल्या प्रत्येकाची उलटतपासणी केली, मुलगा सोडून सगळ्यांनी ठाम नाही म्हटलं, मुलगा म्हणाला आठवत नाही, पण ती त्याची नेहमीचीच पद्धत आहे. तरी मी मधेच दार उघडून बघितलं, फेस नव्हता.

मग वर्तमानपत्राची युक्ती केली. ट्रे पूर्ण कोरडा केला आणि कागदाच्या पट्ट्या आत सारल्या, एक पंपाखाली, एक नळीच्या जोडाखाली, एक मागे जिथवर हात पोचेल तिथे, आणि दोन पुढे, दाराच्या डाव्या आणि उजव्या कोपऱ्याखाली. प्रत्येकीवर पेनाने नंबर. छोटा प्रोग्रॅम लावला आणि लांबून टॉर्च मारत बसले (मशीन चालू असताना आत हात घालायचा नाही, पाणी आणि वीज दोन्ही तिथेच आहेत). मुलाला हे फार आवडलं, तो दर दोन मिनिटांनी "काही झालं का?" विचारत होता. बाराव्या-पंधराव्या मिनिटाला ५ नंबरची पट्टी काळपट झाली. उजवा पुढचा कोपरा. बाकीच्या चारही शेवटपर्यंत कोरड्या.

पुढचा कोपरा म्हणजे दार, हे उघड होतं. आणि दार म्हणजे दाराचं रबर, हे पण मला तेव्हा उघड वाटलं. टबाच्या कडेने जे काळं रबर फिरलेलं असतं ते बोटाने दाबून बघितलं तर कडक झालेलं, चपटं पडलेलं, उजवीकडे खाली तर बारीक बारीक भेगा. सात वर्षं झाली होती मशीनला. रोज साठ-सत्तर अंशाचं पाणी, वर तो क्षारयुक्त जहाल डिटर्जंट, तेलाचा थर, कुठलं रबर मऊ राहणार. शिवाय मी फ्रिजला करतात तशी कागदाची परीक्षा पण घेतली. दारात कागदाची पट्टी धरून दार लावायचं आणि ओढून बघायचं. वर आणि डावीकडे कागद घट्ट, उजवीकडे खाली आणला तर लोण्यातून सुरी निघावी तसा सुळकन बाहेर. झालं, गुन्हेगार सापडला. केस बंद.

रबर मागवताना मशीनचा पूर्ण नंबर लागतो. नुसतं मॉडेलचं नाव चालत नाही, एकाच नावाच्या मशीनमधे वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळं रबर असतं. तो नंबर दाराच्या वरच्या किंवा बाजूच्या कडेवर, दार उघडल्यावरच दिसतो, इतक्या बारीक अक्षरात की मी मोबाईलने फोटो काढून मोठा करून वाचला. नकली मिळत होतं ते घेतलं नाही. बाकी गोष्टीत मी चालवून घेते, पण रबराची जाडी केसभर जरी कमी-जास्त झाली तर एक तर दार लागणार नाही नाहीतर पाणी येणार, मग एवढा खटाटोप कशाला.

पार्सल आलं, त्यात रबर घड्या घालून कोंबलेलं. घडी पडलेल्या जागी ते खोबणीत नीट बसत नाही, म्हणून बादलीत कोमट पाणी घेऊन पंधरा मिनिटं बुडवून ठेवलं, मग मऊ पडलं आणि घड्या बऱ्याचशा गेल्या. जुनं काढणं सोपं, एका टोकाला धरून ओढलं की सापाच्या कातीसारखं अख्खं निघून येतं. पण त्याच्याखाली जे होतं ना, ते मी सांगत नाही. सात वर्षांचा काळा चिकट थर. लाकडी काडीला ओलं फडकं गुंडाळून खोबणीतून फिरवत राहिले, गरम पाणी, परत फडकं, परत गरम पाणी, तास गेला त्यात. साबण मुद्दाम नाही वापरला, उरला तर आत फेस होईल म्हणून.

नवं बसवताना मी पहिली चूक केली ती म्हणजे डाव्या टोकापासून सुरुवात करून दाबत दाबत गेले. वाटेत नकळत रबर थोडं ताणलं जातं, कोपऱ्यात थोडं दाटतं, आणि शेवटी उजव्या टोकाला पोचले तर चार बोटं रबर उरलेलं. क्षणभर वाटलं कापून टाकावं. नाही कापलं, देवाची कृपा. सगळं उपटून काढलं आणि परत केलं, या वेळी आधी रबराचा मध्य शोधून टबाच्या वरच्या कडेच्या मध्यावर दाबला, मग दोन्ही टोकं खाली जिथे संपायला हवीत तिथे, मग कोपरे, आणि मग मधले भाग थोडे थोडे, एक वीत इकडे एक वीत तिकडे. अगदी बरोबर बसलं, एक मिलिमीटर कमी नाही की जास्त नाही. गोंद वगैरे काही लावायचा नसतो, खोबणीत ते स्वतःच्या जोरावर बसतं. पहिले काही दिवस दार लावताना जोर लागतो, जुन्या चपट्या रबराची सवय झालेली असते ना, नवरा म्हणाला तू काहीतरी उलटं बसवलंयस. कागदाची परीक्षा परत घेतली, सगळीकडे घट्ट. कागद फाटला पण निघाला नाही.

मी निवांत. तरी का कोण जाणे ५ नंबरच्या जागी नवीन पट्टी ठेवून दिली होती. दुसऱ्या दिवशी सहज टॉर्च मारला.

ओली.

इथे मी खरंच जमिनीवर बसून राहिले. मोठी गोष्ट नव्हती, पण एवढं सगळं करून परत तीच पट्टी तिथेच ओली बघितली की माणसाला मशीनचा राग येतो, रबराचा येतो, मेकॅनिकचं ऐकायला हवं होतं का असं पण वाटायला लागतं. नवरा बिचारा काही बोलला नाही, पण तो ज्या पद्धतीने बोलला नाही ते मला दिसलं.

आणि मग सासूबाई. त्या बाजूला मटार सोलावेत तशा निवांत बसून जुनं रबर हातात घेऊन उलटंपालटं करत होत्या. म्हणाल्या, "हे तर घोड्याच्या नालेसारखं आहे गं." मी म्हटलं, हो आई, तसंच असतं. "मग खाली काय आहे? कुकरची रिंग कशी पूर्ण गोल असते, कुठेही थोडी कमी पडली की तिथूनच फसफसतं. याला तर तीनच बाजू आहेत. चौथीकडून काय अडवतंय पाणी?"

मी उठून दार उघडलं आणि बघतच राह्यले. सात वर्षं ते दार रोज उघडतेय मी. खरंच की, रबर उजव्या बाजूने खाली येतं आणि संपतं. डाव्या बाजूने खाली येतं आणि संपतं. खालच्या कडेला काहीच नाही, म्हणजे मला वरून काहीच दिसत नव्हतं.

खालचा मामला वेगळाच असतो. दार बिजागरीवर खाली फिरतं तेव्हा त्याची खालची कड टबाच्या आत घुसते, त्यामुळे तिथे दाबून बसणारं रबर ठेवताच येत नाही, दर वेळी चिरडलं जाईल. म्हणून तिथे एक वेगळी पट्टी असते, आमच्या मशीनमधे ती दाराच्या आतल्या पत्र्याच्या खालच्या कडेला लावलेली, पातळ ओठासारखी. ती पाणी अडवत नाही, वळवते. दारावर उडालेलं पाणी ओघळत खाली येतं आणि त्या ओठावरून टबात पडतं. आता हा ओठ एका टोकाला झिजला की ओघळ टबात न पडता मागे वळतो, पत्र्याच्या कडेने सरकतो आणि बिजागरीवरून टप टप ट्रेमधे. कागदाच्या परीक्षेत हे कसं सापडणार, तिथे कागद पकडायला काही नाहीच! आणि वरचं रबर खराब नव्हतं असं नाही, खराब होतंच, पण पाणी तिथून येत नव्हतं. मी जे डोळ्याला वाईट दिसलं ते बदललं.

या वेळी मात्र अंदाजावर काही करायचं नाही ठरवलं. परत पोटावर, परत टॉर्च, छोटा प्रोग्रॅम लावला आणि नजर उजव्या बिजागरीवर खिळवून ठेवली. दहा मिनिटं काही नाही. मग दाराच्या खालच्या कडेला, अगदी टोकाला, एक थेंब जमायला लागला. मोठा होत गेला, लोंबला, पडला. त्याच्यामागे दुसरा. मुलाला बोलावून दाखवला, सासूबाईंना वाकता येत नाही म्हणून त्यांना व्हिडिओ काढून दाखवला, त्या म्हणाल्या "मग, मी काय म्हणत होते."

दुसरी पट्टी यायला आठवडा लागला. आठवडाभर हाताने भांडी घासली, त्याबद्दल फार बोलत नाही.

ही पट्टी बदलायला आमच्या मशीनमधे दाराचा बाहेरचा पत्रा काढावा लागला. दार पूर्ण आडवं उघडलं की आतल्या बाजूने दोन्ही कडांना स्क्रू दिसतात, साध्या स्क्रूड्रायव्हरचे नाहीत, चांदणीच्या आकाराचं टोक लागतं, त्याला टॉर्क्स म्हणतात, आमच्याकडे २० नंबरचं लागलं. साधं टोक घुसवून फिरवायचा मोह होतो, करू नका, स्क्रूची खाच गोल होते आणि मग तो जन्मात निघत नाही. स्क्रू सगळे सारख्या लांबीचे नसतात. पुठ्ठ्यावर दाराचं चित्र काढलं आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथे चित्रात टोचून ठेवला. हे मला सगळ्यात जास्त कामाला आलं, कारण काम संपेपर्यंत संध्याकाळ झाली होती आणि डोकं चालत नव्हतं.

आता एक गोष्ट जी मला कोणी सांगितली नव्हती. दाराला खाली दोन्ही बाजूंना स्प्रिंग असतात, त्या दाराच्या पूर्ण वजनाला तोलून धरतील अशा ताणलेल्या असतात. बाहेरचा पत्रा काढला की दाराचं वजन एकदम कमी होतं पण स्प्रिंगचा जोर तेवढाच राहतो. मी शेवटचा स्क्रू काढून पत्रा बाजूला केला, दारावरचा हात उचलला, आणि दार फटकन वर उसळून माझ्या कोपरावर. असं लागलं की तोंडातून शब्द निघाला, मुलगा शेजारी उभा होता, आता तो शब्द त्याला येतो. पुढचं सगळं काम नवऱ्याने दार खाली दाबून धरलं आणि मी केलं. एकट्याने करणार असाल तर आधी दाराला खाली काहीतरी बांधून ठेवा.

जुनी पट्टी पकडीने एका टोकाला धरून सरकवली तर सहज निघाली. मधला भाग चांगला होता, अगदी वापरता येईल असा. उजवं टोक मात्र बोटभर फाटून आत मुडपलेलं आणि इतकं कडक की नखाने वाजवलं तर टकटक आवाज. आणि तिथपर्यंत पत्र्यावर पांढरट ओघळ वाळलेला, म्हणजे पाणी बरेच महिने याच वाटेने जात असणार, फक्त ते हळूहळू वाढत गेलं आणि आधी आपोआप वाळून जायचं.

नवी पट्टी लावताना ओठ कुठल्या दिशेला हे बघा. दोन्ही दिशांनी ती बसते! मी उलटी बसवली होती, नशीब की काढायच्या आधी फोटो काढून ठेवला होता आणि नवऱ्याने तो शेजारी धरून बघितला. "ओठ आत पाहिजे, तुझा बाहेर आहे." त्या एका वाक्यासाठी त्याला आधीचं सगळं माफ. ओठ टबाच्या बाजूला, टोकं दोन्हीकडे पूर्ण शेवटपर्यंत सरकवलेली, मधे कुठे लाट नको. दार हळूहळू लावून बघितलं की टोक कुठे अडकून मुडपत तर नाही ना, जुनं तसंच मुडपूनच फाटलं असावं.

पण मग उजवंच टोक का? डावं चांगलं आणि उजवं संपलेलं, हे मला खुपत होतं. सासऱ्यांची जुनी पाणसळ माळ्यावर पडली होती ती काढली आणि खालच्या रॅकच्या रुळावर एकदा उभी, एकदा आडवी ठेवली. बुडबुडा एकदा सरळ मागे आणि एकदा डावीकडे जाऊन बसला. म्हणजे मशीन पुढे आणि उजवीकडे कललेलं. दारावरचं सगळं पाणी इतकी वर्षं उजव्या कोपऱ्याकडे धावत होतं. पुढचे पाय पान्याने फिरवून वर-खाली होतात, उजवा दीडेक आटा वर घेतला, परत बघितलं, अजून थोडा, बुडबुडा मधे आला. मागच्या पायाचा स्क्रू आमच्या मशीनमधे पुढूनच फिरवता येतो, तो थोडा हलवला. गंमत म्हणजे दार लावताना जो एक कर्र आवाज यायचा, ज्याची आम्हाला सगळ्यांना सवय झाली होती, तो पण गेला.

दुसरं कारण मी स्वतः. मोठ्या पातेल्याचं झाकण मी नेहमी खालच्या रॅकमधे पुढे उजवीकडे, दाराकडे कललेलं ठेवायचे, तिथे बरोबर बसतं म्हणून. खालचा फिरता पंखा पाणी वर मारतो, ते झाकणावर आपटतं आणि तिरकं होऊन सरळ दाराच्या त्या कोपऱ्यावर. रोज. हे मला सुचलं ते मशीन रिकामं चालवलं तेव्हा नंतर वाढवलेली ६ नंबरची पट्टी कोरडी आणि झाकण ठेवून चालवलं तेव्हा दारावर आतून त्या जागी धुवून निघाल्यासारखी चकचकीत खूण दिसली तेव्हा. झाकण आता मागे आडवं जातं. घरात सूचना दिलेली आहे, पाळली जाते असं नाही.

पत्रा परत लावला, पुठ्ठ्यावरून स्क्रू एकेक करून परत, शेवटी पुठ्ठा रिकामा आणि हातात एकही स्क्रू उरलेला नाही, याचा मला रबरापेक्षा जास्त आनंद झाला. मेकॅनिकचा फोन आला होता मधे, पंप आणू का म्हणून. नको म्हटलं. कारण नाही सांगितलं, त्याने विचारलं पण नाही.

कागदाच्या पट्ट्या मी तरी काढल्या नाहीत. रोज रात्री मशीन बंद झालं की खाली वाकून टॉर्च मारायचा, हे दहा दिवस चाललं. पाचही कोरड्या, आणि ती सहावी पण. अकराव्या दिवशी सासूबाईंनी मुलाला खाली वाकायला लावून त्या बाहेर काढायला सांगितल्या, हातावर ठेवून चष्मा लावून वरच्या बातम्या बघितल्या, आणि मला म्हणाल्या, "रद्दीत टाकू ना? का मशीनचं अजून वाचून व्हायचंय?"